बारा नंबरचं पुडिंग

मावशीचं नाक म्हणजे साधंसुधं नाक नव्हतं. सेंटच्या कारखान्यात बावीस वर्षं त्या एका नाकाचा पगार घरी येत होता. हात, पाय, डोळे हे सगळं तिच्याबरोबर कामावर जायचं ते नुसतं सोबत म्हणून. नवा माल तयार झाला की कागदाची एक पांढरी, अरुंद पट्टी त्यात बुडवायची, झटकायची आणि मावशीच्या नाकाखाली धरायची. तिनं मान हलवली तर माल पुढे, नाक मुरडलं तर अख्खं पिंप परत. मोठे साहेबसुद्धा तिला वचकून असत. तिला सर्दी झाली की कारखान्यातून हमखास फोन यायचा, पण चौकशी तब्येतीची नसायची, नाकाची असायची.

तर अशा या बाईच्या घरी तिची भाची राहायची. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. आई-वडील लांबच्या गावी नोकरीला, आणि कुस्तीचा चांगला कोच इकडे, म्हणून गेली सहा वर्षं ती मावशीच्याच गळ्यात. वय चोवीस, वजनगट त्रेपन्न किलोचा, आणि जीव सगळा गोडावर. केकचं दुकान दिसलं की तिचे पाय आपोआप तिकडे वळायचे. डोकं मागाहून पोचायचं.

यंदा संघाची निवड होती. त्रेपन्न किलोत जागा एकच. गेली दोन वर्षं ती जागा एका उंच पोरीनं भिंगरीला अंतिम फेरीत चीत करून नेली होती. घरात तिचं नाव कुणी घेत नसे, नुसतं ‘लांबडी’ म्हणत, तेही दातओठ खाऊन. यंदाही जमलं नाही तर भिंगरी कुस्ती सोडणार होती. एका शाळेत व्यायाम शिकवायची नोकरी तिनं बघूनसुद्धा ठेवली होती. मावशीला हे कळलं त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

निवडीला पाच आठवडे उरले आणि कोचनं फर्मान काढलं: तीन किलो उतरवायचे, गोडाचा कण पोटात जाता कामा नये. पहिले चार दिवस भिंगरीनं घर डोक्यावर घेतलं. साखरेच्या डब्याकडे अशी बघायची की मावशीनं तो डबा उचलून शेजारणीकडे ठेवायला दिला. मग मावशीच्याच डोक्यात ती थोर कल्पना आली.

“अगं, खाण्यातलं निम्मं काम तर नाकच करतं,” ती म्हणाली. “जिभेला काय कळतंय? गोड, खारट, आंबट, कडू, संपलं! बाकी सगळी करामत ह्याची.” आणि तिनं नाकावर दोनदा बोट आपटलं. “ह्याला जेवायला घातलं की पोट गप्प बसतं. तू बघच.”

दुसऱ्या दिवसापासून बाई जेवणाच्या सुट्टीत डबा न खाता प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बाटल्या घेऊन बसायला लागल्या. सात नंबरची बाटली चॉकलेट केकची, ओव्हनमधून नुकताच काढलेला, कडा जरा कडक. नऊ नंबर दालचिनीचा बन. चौदा नंबरला लिंबाचा टार्ट होता. आणि बारा नंबर, म्हणजे कॅरॅमेल पुडिंग, तिचा खरा जीव की प्राण. त्यावर तिनं नऊ दिवस घालवले. वास आला होता उत्तम, पण तिला तो बाजारी वाटे, दुकानाच्या काचेमागचा. शेवटी तिनं त्यात किंचित, अगदी सुईच्या टोकाएवढा, लागलेल्या दुधाचा वास घातला. घरी पुडिंग करताना एखादीचं लक्ष जरा खिडकीबाहेर जातं नि तळाला दूध धरतं, तेवढाच. त्यानं ते पुडिंग एकदम घरचं झालं. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. कुणीतरी ओळखेल म्हणून वाट बघत बसली. भिंगरी काय, सगळ्यांनाच ‘मस्त!’ म्हणायची. फिनेल दिलं असतं तरी मस्तच म्हणाली असती.

रोज जेवण झालं की उकडलेल्या भाजीची ताटली उचलायची आणि मग मावशी गोड वाढायची. गोड म्हणजे एक बशी, बशीत पट्टी आणि शेजारी चमचा.

“चमचा कशाला गं?” पहिल्या दिवशी भिंगरीनं विचारलं.

“नुसता कागद हुंगायला आपण काय झुरळं आहोत?”

भिंगरी पट्टी नाकाशी धरायची, डोळे मिटायची, एक मोठा श्वास घ्यायची आणि म्हणायची, “पोट भरलं गं मावशी.” की झालं! मावशी अंगभर फुलायची. कारखान्यात तिनं दवंडीच पिटली. भूक भागवणारं सेंट! ना साखर, ना लोणी, ना पश्चात्ताप! पॅकिंगच्या बायका जेवण झालं की तिच्याकडे रांग लावायला लागल्या. आणि आकडे तर बोलतच होते. दर रविवारी बाथरूमच्या काट्यावर भिंगरी उभी राहायची, मावशी चष्मा लावून गुडघ्यांवर बसायची आणि आकडा वाचायची. पंचावन्न, चोपन्न, साडेत्रेपन्न. शेवटच्या दिवशी बावन्न किलो नऊशे. मावशीनं उठून त्या काट्याची पापी घेतली.

निवडीच्या दिवशी सकाळी आठ ते साडेआठ वजन. नियम सोपा होता: त्या अर्ध्या तासात कितीही वेळा काट्यावर चढा, पण साडेआठच्या ठोक्याला त्रेपन्नच्या वर असाल तर घरी. काट्याशेजारी एक चष्मेवाल्या बाई वही घेऊन बसल्या होत्या. भिंगरी चढली.

“त्रेपन्न किलो नव्वद ग्रॅम,” बाई म्हणाल्या.

“काटा बिघडलाय तुमचा,” मावशी म्हणाली.

“काटा कालच तपासलाय.”

“मग फरशीला उतार असेल! घरी बावन्न नऊशे होतं, मी स्वतः वाचलंय!”

कोचनं मावशीचा दंड धरून तिला बाहेरच्या बोळात आणलं आणि भिंगरीच्या हातात दोरी दिली. भिंगरी दोरीवर उड्या मारायला लागली. पण तिची मान खाली होती, आणि उड्या मारताना मान खाली घालणारी ती पोरगी नव्हे. मावशीला वास लागला. वास लागण्यात तिचा हात कोण धरणार!

“काय गं? घरी किती होतं?”

“मावशी,” भिंगरी थांबली, “घरी मी बेसिनला धरून उभी राहायचे.”

“म्हणजे?”

“तू खाली वाकून आकडा वाचायचीस ना, तेव्हा एका हातानं बेसिनवर भार द्यायचे. फार नाही. जरासा.”

मावशीनं तिची हनुवटी वर केली. “का पण?”

“बिस्किटं खायचे मी. बुटांच्या खोक्यात ठेवली होती.” भिंगरीचा चेहरा रडवेला झाला. “तू पट्टी द्यायच्या आधी मला नुसतं गोड हवं असायचं गं. पट्टी हुंगली की मला कुणाचा तरी मुडदा पाडून केक हवा असायचा!”

“पोट भरलं म्हणायचीस! डोळे मिटून म्हणायचीस!”

“तू बशीत वाढायचीस. शेजारी चमचा ठेवायचीस. कसं सांगणार होते मी?”

झालं! मावशीच्या पायाखालची जमीनच सरकली. पाच आठवडे, नऊ दिवस एकट्या पुडिंगवर, कारखानाभर दवंडी, आणि सगळं मुसळ केरात. वर पोरीचं वजन वाढवलं ते आपणच. तिला लाज वाटली, राग आला, रडू आलं, आणि हे सगळं एकदम आल्यामुळे ती नुसती ओरडली, “म्हणजे माझ्या वासानं हिची भूक भागत नव्हती! तोंडाला पाणी सुटत होतं! पाणी!”

कोच घड्याळ बघत उभा होता. त्यानं मान वर केली. “काय सुटत होतं?”

“पाणी! तोंडाला! आता चोळा जखमेवर मीठ!”

“किती?”

“किती म्हणजे? मी काय मोजत बसले होते?”

“मावशी,” कोच एकेक शब्द सावकाश म्हणाला, “त्या पट्ट्या आत्ता आहेत तुमच्याजवळ?”

असणारच. मावशी पट्ट्यांचा पत्र्याचा डबा घेतल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नसे. कोचनं भिंगरीच्या हातातली दोरी काढून घेतली आणि तिला एक प्लास्टिकचा मग दिला. “पहाटेपासून एकटीच धावत होती, का ते आत्ता कळलं. अंगात घामाचा थेंब उरलेला नाही. शेवटचे ग्रॅम आम्ही थुंकूनच काढतो. पण हिचं तोंड कोरडं ठणठणीत पडलंय, च्युइंगमनंसुद्धा काही व्हायचं नाही. नव्वद ग्रॅम म्हणजे काय, साबणाची एक वडी. सव्वीस मिनिटं आहेत. मावशी, सोडा पाणी!”

मावशीनं डोळे पुसले, पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या आणि डबा उघडला.

“बस खाली. हा सात नंबर. ओव्हनचं दार आत्ता उघडलंय. वाफ तोंडावर येतेय. मी सुरी घालतेय, बघ, मधे अजून ओलं आहे, सुरीला चॉकलेट चिकटलंय, आणि ती सुरी मी तुला चाटायला देतेय...”

“मावशीऽऽ!” भिंगरी विव्हळली आणि थुंकली.

“शाब्बास! चौदा नंबर. लिंबू! आंबट! दातात कळ गेली पाहिजे!”

भिंगरी थुंकतेय, मावशी पट्टी हलवतेय, कोच मग धरून उभा. पाच मिनिटांनी भिंगरी म्हणाली, वास येईनासा झाला. “नाक दमलं तुझं. आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा वास घे, ताजं होतं,” मावशी म्हणाली. बावीस वर्षांची विद्या तिनं बोळात उघडी केली. भिंगरीनं कोपरात नाक खुपसलं, आणि दालचिनीचा बन हुंगून बारा नंबरच्या पुडिंगावर आली. काट्यावर चढली: त्रेपन्न पन्नास. पुन्हा चढली: त्रेपन्न वीस. चष्मेवाल्या बाईंनी मधेच आवंढा गिळला आणि आत हाक मारून विचारलं, “कुणी केक आणलाय का रे?”

आणि तेव्हा मावशीला बोळाच्या दुसऱ्या टोकाला लांबडी दिसली. भिंतीला टेकून बसली होती, शेजारी तिचे वडील, हातात तसाच एक मग, आणि तोंड असं कोरडं की ओठांना चिरा गेलेल्या. कोच कुजबुजला, “साठ ग्रॅमनं जास्त आहे ती.”

खोटं कशाला बोला, मावशीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लांबडी वजनात बाद झाली की जागा भिंगरीचीच! बाकीच्या पोरी भिंगरीच्या डाव्या हाताचा मळ होत्या. तिनं मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण वासाला कुठं कळतंय आपलं कोण नि परकं कोण? तो निघाला बोळातून सरळ तिकडे. लांबडीनं मान वर केली, हुंगलं, आणि मगात थुंकली. मावशी चपळाईनं मधे येऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून, जशी काही कोंबड्या अडवतेय. मग धावत जाऊन तिनं बोळातला पंखाच बंद केला. लांबडी दुसऱ्यांदा थुंकली.

आठ एकवीसला भिंगरी काट्यावर चढली. “बावन्न किलो नऊशे नव्वद,” बाई म्हणाल्या आणि वहीत बरोबरची खूण केली. भिंगरीनं मावशीला उचलून गरागरा फिरवलं. कोच, जो कधी हसत नसे, तो हातातला मग घेऊनच नाचला, आणि ते मात्र त्यानं करायला नको होतं. सगळ्यांना बाजूला व्हावं लागलं.

मावशीनं घाईघाईनं डबा बंद केला. वर बसली त्याच्या. तेवढ्यात लांबडीचे वडील समोर येऊन उभे राहिले. चांगला दारात मावणार नाही एवढा माणूस, पण आवाज गेलेला.

“ताई, तीस ग्रॅम राहिलेत. तुमचे ते कागद... एखादा मिळेल?”

“संपले,” मावशी म्हणाली. डब्यावर बसून म्हणाली.

भिंगरी तिच्याकडे बघत होती. मावशीनं छताकडे बघितलं. वडील मान हलवून परत फिरले. आणि मागून लांबडीचा आवाज आला, कोरडा, घोगरा.

“जाऊ द्या बाबा. पण मावशी, मघाशी ते तिसरं का चौथं होतं ना, पुडिंगचं? ते तळाला जरासं लागलं होतं का हो?”

मावशीनं मान खाली आणली. “काय म्हणालीस?”

“दूध जरा धरल्यासारखं. माझी आजी करायची तेव्हा अस्संच व्हायचं. दुकानातल्याला तो वास नसतो.”

नऊ दिवस! नऊ दिवस नि वर तीन आठवडे वाट बघितली बाईनं! साहेबांनी ओळखलं नाही, पॅकिंगच्या बायकांनी ओळखलं नाही, पोटच्या पोरीसारख्या भाचीनं तर फक्त मस्त, मस्त, मस्त. आणि ओळखलं कुणी? तर ह्या कट्टर वैरिणीनं, तेही वीस पावलांवरून, पंखा बंद असताना! मावशी डब्यावरून उठली. कोच म्हणाला, “मावशी, बसा.” मावशी बसली नाही.

“इकडे ये,” ती लांबडीला म्हणाली. “नाही, थांब, मीच येते, तू उगीच हलू नकोस. हे घे बारा नंबर. नवी पट्टी आहे, ताजी बुडवलेली. आणखी काय कळतंय त्यात?”

“व्हॅनिला.”

“ते शेंबडं पोरही सांगेल. पुढे?”

“मीठ? चिमूटभर?” लांबडी म्हणाली आणि थुंकली.

“अहाहा! मीठच! थुंक, थुंक, बोलत राहा!” मावशीचं भान सुटलं. “आता नाक दमेल तुझं. कोपर हुंग! हां. आता लिंबू घे!”

भिंगरी येऊन लांबडीशेजारी बसली आणि तिचा मग धरला. “मावशी, तिला सुरी चाटायला दे ना,” ती म्हणाली. “सुरीवर हमखास सुटतं.” मग मावशीनं सुरी दिली, भांड्याच्या कडेचं खरवडून दिलं, क्रीमच्या चमच्यावर चमचे दिले. आठ एकोणतीसला लांबडी काट्यावर चढली. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “त्रेपन्न. बरोबर त्रेपन्न.” लांबडीच्या वडिलांनी तिथेच जमिनीवर बसकण मारली.

“काय केलंत हे?” कोचनं कपाळाला हात लावला.

तेव्हा कुठे मावशी भानावर आली. आणि आली ती अशी आली की तिनं डबा धाडकन मिटला.

दुपारी अंतिम फेरीत कोण समोरासमोर आलं ते सांगायला नको. मावशी आत गेली नाही. कोच बोलवायला आला, भिंगरी स्वतः आली, पण ही बोळातल्या बाकावरून हलेना. “हे मी माझ्या हातानं करून ठेवलंय,” ती म्हणाली. “डोळ्यांनी बघायला लावू नका.” भिंगरीनं तिचा गाल ओढला आणि गेली.

आतून शिट्टी वाजली. सहा मिनिटं. मावशीनं आयुष्यात एवढी लांब सहा मिनिटं पाहिली नव्हती. ती स्वतःला शिव्या घालत होती. एवढं नाकाचं कौतुक हवं होतं तर आरशासमोर उभं राहून करायचं होतंस की गं भवाने! पोरीची सहा वर्षं घालवलीस एका पुडिंगापायी! आत आरडाओरडा चालू होता, मधेच एकदम शांत, मग परत कल्ला. शेवटी असा एक जल्लोष उठला की खिडकीची तावदानं वाजली. कुणासाठी उठला, ते काही कळेना. जल्लोषाला वास नसतो.

दार उघडलं आणि लांबडी बाहेर आली. केस सुटलेले, तोंड घामानं निथळतंय, एक बूट पायात नि एक हातात. तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखावं तर जिंकलेल्याचा नि हरलेल्याचा घाम सारखाच. ती सरळ येऊन बाकावर मावशीच्या शेजारी बसली.

“एका गुणानं,” ती म्हणाली.

“कोण?” मावशीनं तिचा हात धरून विचारलं.

लांबडीनं उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं आणि तिचा सगळा चेहराच गोळा झाला. एवढी ताडमाड पोरगी, तिनं मावशीच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि ती लहान मुलासारखी हमसून हमसून रडायला लागली.

आणि मावशीला कळलं.

भिंगरी जिंकली! त्या लांबडीला, पुरत्या वजनातल्या, पुरत्या ताकदीच्या लांबडीला मॅटवर हरवून जिंकली! मावशीला बाकावर चढावंसं वाटलं. चष्मेवाल्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. कारखान्यात फोन करून भोंगा वाजवायला सांगावंसं वाटलं. तिचं काळीज असं उड्या मारत होतं की ते खांद्यावरच्या पोरीला ऐकू जाईल याची तिला भीती वाटली.

आतून भिंगरी गळा काढून ओरडत होती, “मावशी! अगं ए मावशी! कुठं मेलीस?”

मावशी जागची हलली नाही. तिनं लांबडीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला, चेहरा जमेल तेवढा दुःखी केला आणि म्हणाली, “रड बाई, सावकाश रड. मला काही घाई नाही.”

बाकाखाली तिचे दोन्ही पाय नुसते नाचत होते.